मागनं जेवणाऱ्या बाई

आमच्या रेक्टरबाईंना जेवताना कुणी पाहिलेलं नव्हतं. साताऱ्याच्या ज्या मुलींच्या वसतिगृहात मी अकरावीपासून बी.एस्सी. होईपर्यंत राहिले, तिथे ही गोष्ट जुन्या मुली नव्या मुलींना दर वर्षी समजावून सांगायच्या. पाण्याची टाकी कुठे आहे आणि गच्चीची किल्ली कुणाकडे असते, हे सांगावं तितक्या सहज. कुणी म्हणायचं, बाईंचा नवस आहे. कुणी म्हणायचं, कवळी काढून जेवतात, म्हणून लाजतात. एकीचं ठाम मत होतं की बाई जेवतच नाहीत, आमटीच्या वासावर जगतात. या मताला थोडा आधार होता. स्वयंपाक चालू असताना बाई कधी चव घेत नसत. पातेल्यावर वाकून वाफेत नाक धरायच्या आणि स्वयंपाकाच्या मावशींना सांगायच्या, "मीठ टाक अजून. आळणी वास येतोय." मावशी चमचाभर आमटी तळहातावर घेऊन चाखायच्या आणि निमूटपणे मिठाच्या डब्याकडे वळायच्या.

बाई आम्हाला नावाने हाक मारत नसत, गावाने मारत. मी वडूज. माझ्या खोलीतली शबाना, ती पाटण. आटपाडीच्या दोघी होत्या, म्हणून एक मोठी आटपाडी आणि एक धाकटी आटपाडी. जेवणाच्या वेळी बाहेरून कुणी ऐकलं असतं तर त्याला वाटलं असतं, आत एसटी स्टँडच आहे. "पाटण, सरक तिकडं. वडूज, तुझ्या शेजारी धाकट्या आटपाडीला बसू दे. आणि म्हसवड अजून कशी आली न्हाई?"

जेवायला खाली बसायचं, सतरंजीच्या पट्ट्यांवर, समोरासमोर दोन रांगा करून. वाढायचं काम बाईंचं. मावशींनी भाकऱ्या थापाव्यात, आमटी करावी, पण कडची हातात घ्यायची नाही. बाई पदर कमरेला खोचायच्या, डाव्या हातात पातेलं, उजव्यात कडची, आणि रांगेतून चालायला लागायच्या. कुणाला किती हवं ते विचारायच्या नाहीत. तोंडाकडे बघून ठरवायच्या. "तू आज दीड भाकरी खाणार." "तुला भातच बरा आज, रडलीयस." दुपारी घटकाभर आडव्या झाल्या तरी त्यांचा उजवा हात मनगटातून हळूच वळायचा. धाकटी आटपाडी म्हणायची, "गप्प बसा गं, बाई स्वप्नात आमटी वाढायल्यात."

त्यांचे नियम दोनच होते. सगळ्यांच्या ताटात पडल्याशिवाय कुणी घास घ्यायचा नाही. आणि शेवटचीचं होईपर्यंत कुणी उठायचं नाही.

दुसऱ्या नियमाचा प्रसाद मला पहिल्याच दिवशी मिळाला. आमच्या घरात दहावीच्या पुढे कुणी गेलेलं नव्हतं. वडील ट्रंक खोलीत ठेवून, शाळेच्या दारात उभे राहतात तसे अवघडून उभे राहिले आणि "येतो" म्हणून गेले. त्या संध्याकाळी माझ्या घशाखाली घास उतरेना. सगळ्यांची जेवणं झाली. हात वाळले. एक मोठी मुलगी म्हणाली, "बाई, माझं उद्या प्रॅक्टिकल आहे."

"असू दे. वडूजचं व्हायचंय अजून."

माझ्याकडे कुणी रागाने बघितलं नाही, कारण त्यातल्या बहुतेकींनी आपल्या पहिल्या दिवशी सगळ्यांना असंच बसवून ठेवलं होतं. बाई माझ्यासमोर उभ्या राहिल्या. "लाज बाजूला ठेव आणि चाव," एवढंच म्हणाल्या. मी लाजेनेच ती भाकरी संपवली. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र मला कडकडून भूक लागली होती आणि संध्याकाळपर्यंत मी शबानाशी बोलायला लागले होते. आज मी सांगलीत माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत पांढरा कोट घालून काम करते. कुणी विचारलं तर मी माझ्या कॉलेजचं नाव अभिमानाने सांगते. पण त्या संध्याकाळी कुणी दयेने "राहू दे गं तिला" म्हटलं असतं, तर मी दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या गाडीने वडूजला परत गेले असते, हे मला ठाऊक आहे.

नियम सगळ्यांना सारखे होते. एकदा संस्थेचे एक विश्वस्त पाहणीला आले आणि हौसेने आमच्या रांगेत जेवायला बसले. अर्ध्यावर त्यांचा फोन वाजला. ते "मीटिंग आहे, निघतो" म्हणत उठायला लागले. बाई पातेलं घेऊन समोर येऊन उभ्या राहिल्या.

"सायेब, पानावरनं उठायचं न्हाई."

"अहो बाई, पुढे लोक थांबलेत माझ्यासाठी."

"हितं बी थांबल्यात की. ती कोपऱ्यातली पोर बघा, तिचं व्हायचंय." आणि त्यांनी साहेबांच्या ताटात अजून भात वाढला. साहेब बसले. त्यांच्या शेजारी मी होते. ते हळूच मला म्हणाले, "रोज असंच असतं का गं?" मी म्हटलं, "हो." ते म्हणाले, "मग वांगं तरी जास्त घ्यायला हवं होतं."

सगळ्यांचं झाल्यावर आम्ही कुणीतरी विचारायचो, "बाई, तुम्ही?" त्या म्हणायच्या, "मी मागनं." आमच्याकडे मागनं म्हणजे नंतर. मग स्वयंपाकघराचं दार लोटलं जायचं. पलीकडून भांड्यांचा आवाज यायचा आणि थोड्या वेळाने बाई तोंड पुसत बाहेर यायच्या. म्हणजे जेवत असाव्यात.

बाई निवृत्त झाल्या आणि सांगलीला विश्रामबागेत भाच्याकडे राहायला आल्या. त्यांना स्वतःचं मूलबाळ नाही. योगायोगाने मी सांगलीत आणि शबाना मिरजेच्या एका हॉस्पिटलात नर्स. आम्हाला वाटलं, आता बाईंची सेवा करायची संधी मिळाली. भाचा चांगला, भाचेसून त्याहून चांगली. दोघंही नोकरीला जातात. सकाळी सून भाजी-पोळी करून, ताट वाढून, त्यावर जाळी झाकून जाते. संध्याकाळी येऊन बघते तर ताट तसंच.

"ताई, काय करू?" ती एकदा फोनवर रडली. "लोक म्हणतील, मी मावशींना उपाशी ठेवते. विचारलं की म्हणतात, मागनं खाते. ते मागनं कधी येतच नाही."

बाई दर भेटीत थोड्या थोड्या कमी होत गेल्या. गालाची हाडं वर आली. जिना चढताना मध्येच थांबायला लागल्या. शबानाने सगळ्या तपासण्या करून घेतल्या. डॉक्टरांनी तिला बाजूला घेऊन सांगितलं की आजार काहीही नाही, पण त्या खात नाहीत, आणि असंच चाललं तर हा हिवाळा त्यांना झेपणार नाही. आम्ही दोघींनी चंग बांधला. मी पिठलं-भाकरी नेली, मटणाचा रस्सा नेला, शबाना ईदचा शीरखुर्मा घेऊन गेली. बाईंनी प्रत्येक डबा उघडला, वाफेत नाक धरलं, "चांगलं झालंय" म्हणाल्या आणि आम्हालाच वाढला. आम्ही खात बसलो आणि त्या बघत बसल्या. दोघींच्यापुरतं वाढून त्यांचं समाधान होत नसावं. मागे राहिलेलं त्यांनी खालच्या वॉचमनला दिलं. त्या महिन्यात वजन वाढलं ते माझं, शबानाचं आणि वॉचमनचं.

एका शनिवारी आम्ही त्यांना मिरजेला वजनाला नेलं होतं. काटा आणखी खाली आला होता. परत येताना रिक्षात शबाना बोलत नव्हती, म्हणजे तिला रडू येत होतं. कॉलेज कॉर्नरच्या पुढे गर्दीत रिक्षा थांबली आणि बाई एकदम म्हणाल्या, "ते काय करायलंय?"

रस्त्याच्या कडेला एक नवं इटालियन हॉटेल झालं होतं. काचेच्या आत एक जाडजूड माणूस कणकेचा गोळा दोन्ही मुठींवर नाचवत होता. कणीक पसरत पसरत पातळ होत होती.

"पिझ्झा करतायत, बाई."

"ह्यो व्हय पिझ्झा? मला वाटलं कारखान्यात करत्यात. एवढं पातळ, फाटत कसं न्हाई?"

शबानाने माझ्या दंडाला असा चिमटा काढला की मी ओरडलेच. कित्येक महिन्यांत बाईंनी खाण्याच्या वस्तूबद्दल स्वतःहून काहीतरी विचारलं होतं. आम्ही तिथेच उतरलो.

कणीक नाचवणारा माणूस हॉटेलचा मालक निघाला. तासगावकडचा. जहाजावर स्वयंपाकी होता, तिकडे शिकून आला. बाई थेट भट्टीपाशी जाऊन उभ्या राहिल्या.

"लाकडावर हाय न्हवं?"

"व्हय काकी, लाकडावरच."

"कणीक कवा मळलीय?"

"काल दुपारी."

"काल? आंबली असंल की."

"आंबावीच लागती. त्यातच चव हाय."

"मग बरोबर हाय," बाई म्हणाल्या आणि खुर्चीवर येऊन बसल्या. मला वाटलं, जिंकलो.

पिझ्झा मी त्याआधी खाल्ला होता, पण ऑफिसातल्या कुणाच्या वाढदिवसाला, खोक्यातला, एक त्रिकोण. ऑर्डर कधी दिली नव्हती. मेनूकार्डावरची नावं वाचता येत होती, पण त्यांचा अंदाज येत नव्हता. तिघीजणी आहोत, म्हणजे तीन ताटं, इतका माझा हिशोब सरळ होता. वेटरने विचारलं, "साइज कुठला, मॅडम?" ज्यांनी मला जेवायला शिकवलं त्यांना मी पहिल्यांदा हॉटेलात नेलं होतं. त्यांच्यासमोर लहान मागवायचा? मी म्हटलं, "मोठाच द्या. तिन्ही मोठे."

"तीन लार्ज?" त्याने आमच्याकडे बघितलं, मग दाराकडे बघितलं, आणि आणखी माणसं येणार असं समजून शेजारचं टेबल ओढून आमच्या टेबलाला जोडलं. चार खुर्च्याही आणल्या. मला वाटलं, इथली सेवा फार चांगली आहे.

पिझ्झे आले. भाकरीच्या काठवटीएवढा एकेक. दोन्ही टेबलं भरून गेली. शबाना तोंडावर ओढणी धरून हसायला लागली. बाईंनी एकदा पिझ्झ्याकडे आणि एकदा माझ्याकडे बघितलं.

"वडूज, ह्यो एकेकीला एक?"

"तसंच वाटलं मला, बाई."

"एवढं तर तुझा बैल बी खायचा न्हाई."

मालक धावत आला. "काळजी करू नका. उरलेलं पार्सल करून देतो."

"गार करून कुणाच्या घशात घालायचं?" बाई म्हणाल्या. त्यांनी मान वळवून हॉटेलभर नजर फिरवली. शेजारी कॉलेजच्या मुलामुलींचा मोठा घोळका बसला होता, कुणाचा तरी वाढदिवस असावा. त्यांचे पिझ्झे एकेक करून येत होते. ज्याच्यासमोर आला होता त्याने खायला सुरुवात केली होती, बाकीचे फोनमध्ये बघत होते. मला बाईंच्या चेहऱ्यावर ती जुनी नाराजी दिसली आणि मी त्यांचा हात धरायला गेले. तोवर बाई उठल्या होत्या. पदर कमरेला खोचला. पदराच्याच टोकाने तापलेली थाळी उचलली.

"बाई, भाजेल!"

"मला काय भाजतंय?"

त्या मुलांच्या टेबलापाशी जाऊन उभ्या राहिल्या. "ए गड्या, थांब जरा. समद्यांच्या पानात पडलं न्हाई अजून."

त्या मुलाचा हात तोंडापाशीच थांबला. चीज लोंबत राहिलं.

"आणि तू, फोन ठेव खाली. उजवा हात मोकळा पायजे."

"आजी, रील काढतोय."

"काढ, पण आधी जेव."

घोळक्यात हशा पिकला, पण फोन खाली गेला. बाई टेबलाभोवती फिरायला लागल्या. "तुला दोन. सकाळधरनं काय खाल्लं न्हाईस."

"आयला, आजी, तुमाला कसं कळलं?"

"कान बघ तुझे, वाळल्यात."

एक मुलगी म्हणाली, "मला नको आजी, मी डाएटवर आहे."

"असशील. ही बारकी घे. डाएटला कळायचं न्हाई."

पलीकडे एक मुलगा आणि मुलगी बराच वेळ एकच कोल्ड्रिंक पुढे ठेवून गप्प बसले होते. लग्नासाठी बघायला आले असावेत, दोघांच्या कपड्यांची इस्त्री तशी होती. बाईंनी त्यांना विचारलंही नाही, दोघांना वाढलं आणि मुलाला म्हणाल्या, "तिला सॉस दे की. तेवढं तरी कर." मुलगी खुदकन हसली. त्यानंतर ते दोघं बोलायला लागले.

मालक हात चोळत बाईंच्या मागे मागे फिरत होता. "आवं काकी, तुमी बसा की. आमची माणसं हायत वाढायला."

"तुमची माणसं टेबलावर ठिवून जात्यात. त्याला वाढणं म्हणत्यात व्हय?"

मालकाने माझ्याकडे आशेने बघितलं. मला फक्त एवढंच दिसत होतं की मघाशी हॉस्पिटलच्या पायरीवर माझा खांदा धरणाऱ्या बाई आता एका हातावर थाळी तोलून खुर्च्यांमधून सरसर चालल्या होत्या. मुलं जेवून गेली. जाताना त्यातल्या दोघा-तिघांनी बाईंना वाकून नमस्कार केला. वाढदिवसवाल्याने केकचा तुकडा पुढे केला. आमच्या जिवात जीव आला. पण बाईंनी तो तुकडा वेटरच्या हातावर ठेवला आणि म्हणाल्या, "मी मागनं."

शबाना मटकन बसली. "झालं," ती म्हणाली. "आता हे पण संपलं."

हॉटेल रिकामं झालं. आम्ही पाणी प्यायलो. हात धुऊन आलो तर बाई टेबलापाशी नव्हत्या. रस्त्यावर बघितलं, तिथेही नव्हत्या. मग भट्टीच्या मागच्या बाजूने बोलणं ऐकू आलं. वाढपाच्या खिडकीतून आम्ही दोघींनी डोकावलं.

आत हॉटेलातली माणसं जेवायला बसली होती. गिऱ्हाइकं आटोपल्यावर त्यांची वेळ होत असावी. उलट्या घातलेल्या क्रेटवर, पोत्यावर, जागा मिळेल तिथे. फाटलेले, वेडेवाकडे भाजलेले पिझ्झ्याचे रोट मध्ये ठेवले होते. त्यावर चीज नव्हतं की टोमॅटो नव्हता. शेजारी बरणीत हिरव्या मिरचीचा खर्डा आणि कच्चा कांदा. बाई त्यांच्यात एका क्रेटवर बसल्या होत्या. त्यांनी रोटाचा मोठा तुकडा तोडला, त्यावर खर्डा पसरला, दुमडला आणि तोंडात घातला.

आम्ही दोघी श्वास रोखून बघत होतो. इतक्या वर्षांत आमच्या मनात बाईंच्या जेवणाचं काहीतरी गंभीर चित्र तयार झालं होतं. प्रत्यक्षात बाई एखाद्या खोडकर पोरासारख्या जेवत होत्या. दोन्ही गाल फुगलेले, डोळे अर्धे मिटलेले. मचमच आवाज होत होता. खर्डा नाकाला लागला होता. मध्येच त्यांनी शेजारच्या वेटरच्या पुढ्यातला कांदा सरळ उचलून घेतला.

"आवं आजी, माझा हाय त्यो!"

"दुसरा फोड की. हात न्हाईत व्हय तुला?"

सगळे हसले. मालकाने दुसरा रोट पुढे केला. बाईंनी तोही घेतला. शबाना माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडत होती आणि हसतही होती. बाईंची नजर खिडकीकडे गेली. त्यांनी आम्हाला बघितलं. मला वाटलं, आता त्या हात आखडतील. पण त्यांनी तोंडातला घास नीट संपवला आणि मालकाला विचारलं, "उद्या किती वाजता उघडतंय तुमचं?"

बाई आता बहुतेक दिवस तिथे जातात. भाच्याला आधी ते पटत नव्हतं. आपली मावशी हॉटेलात वाढते, लोक काय म्हणतील, असं त्याचं म्हणणं. सुनेने त्याला मोजक्या शब्दांत गप्प केलं: "जाळी झाकून ताट ठेवायचं का रोज? तू ठेव मग." मालकाने सुरुवातीला बाईंना टाळायचा प्रयत्न केला, नंतर सोडून दिला. गिऱ्हाइकं आता वाढायला त्यांनाच बोलावतात. परवा भेटला तेव्हा त्याने माझ्याकडे तक्रारच केली. "ताई, तुमच्या बाई येईपर्यंत आमची माणसं कामाच्या गडबडीत एखाद्या दिवशी जेवायची सुद्धा न्हाईत. आता समदी रांग लावून बसत्यात आणि शेवटच्याचं होईपर्यंत उठत न्हाईत. मी फोन घ्यायला उठलो तर मलाबी खाली बसवलं."

"मग तुम्ही काय केलं?"

"बसलो की. काय करणार?"

गेल्या रविवारी बाई माझ्या खोलीवर आल्या. पायरी चढताना थांबल्या नाहीत. बरोबर पिशवी होती, पिशवीत त्यांचे दोन ब्लाऊज.

"वडूज, तुझ्याकडं शिलाई मशीन हाय न्हवं? ह्याच्या बाह्यांची शिवण उसवून जरा सैल करून दे. दंडात रुततंय."

मी ब्लाऊज उलटा करून बघितला. आत शिवणीत भरपूर कापड होतं.

"धुऊन धुऊन आटलंय कापड," बाई म्हणाल्या. "हल्ली चांगलं कापडच मिळत न्हाई."

"हो बाई," मी म्हटलं. "आटलंच असेल." आणि कात्री घेऊन उजेडात बसले.